मजल्यावरचे सगळे अहो

माझ्या वडिलांचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझी काही हरकत नाही, पण आईची आहे. हे छापून आलं तर ती मला मोठ्याने वाचून दाखवायला लावेल आणि नावापाशी आले की हात वर करून थांबवेल. "घोवाचा नाव असा रस्त्यार टाकूक नाय," म्हणेल. घोव म्हणजे नवरा. आमच्या घरात मालवणी बोलतात, आणि मालवणीत एकदा नाही म्हटलं की पुढे अपील नसतं. तेव्हा इथे कुणालाच नाव नाही. वडिलांना नाही तर बाकीच्यांनी तरी का मिरवावं?

लालबागला आमची चाळ होती. लांबलचक गॅलरी, एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याखाली अंगणात पुरुष. गिरणी सुटली की ते घरी येत, चहा घेत आणि जणू पुढची पाळी लागल्यासारखे खाली जाऊन बसत. मग जेवणाच्या वेळेला कठड्यावरून हाका सुरू व्हायच्या. एक बाई ओरडायची, "अहोऽऽ!" खाली बसलेले सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो. पण उठायचा एकच. बाकीचे मान वरही करायचे नाहीत.

लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. पुढे कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचली, अंगात शहाणपण आलं, तेव्हा मी कठड्याला टेकून बारकाईने बघू लागले. एकदाही चूक होत नसे. अपवाद एकच आठवतो. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंचा घसा बसला होता. त्या बिचाऱ्या हाका मारत राहिल्या आणि काका खाली पत्ते पिसत राहिले. शेवटी भूक लागली म्हणून आपणहून वर आले, तर जेवण गार आणि काकू गरम. काका म्हणाले, "तू कधी हाक मारलीस? ती कोणी दुसरीच होती." सगळ्या मजल्याने काकांची बाजू घेतली. परक्या बाईच्या हाकेला ओ दिली नाही, यात त्यांचं काय चुकलं?

आईच्या 'अहो'चे प्रकार आम्हाला सगळ्यांना पाठ होते. आखूड आणि तुटक आलं तर चहा झालाय. शेवटी वर चढलं तर पाहुणे आलेत, शर्ट घालून या. दोनदा घाईघाईने आलं तर दूध उतू जातंय, आणि त्याचा दोष वडिलांचाच आहे. आणि क्वचित एखाद्या दुपारी ते खालच्या सुरात, हळू यायचं. तेव्हा बाबा पत्ते तिथेच टाकून जिने चढायचे, कारण गावाहून कुणीतरी वारल्याची बातमी आलेली असायची. एका शब्दात एवढं सगळं मावायचं. बाबांचं उत्तर मात्र नेहमी एकच होतं, "येतंय गो!" याचा अर्थ, मी आत्ता उठत नाहीये, तू दुसऱ्यांदा हाक मारशील तेव्हा बघू.

'गो' म्हणजे आई. तिलाही नाव होतं, पण ते रेशन कार्डावर राहायचं.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि विमा कंपनीत नोकरीला लागले. त्यामुळे माझी विद्वत्ता घरच्या लोकांवरच खर्च होत आली आहे. एकदा मी आईला सांगितलं की संस्कृतात 'अहो' कुणाला हाक मारायला नसतं. ते आपलं आपल्याशी असतं. आश्चर्य वाटलं की म्हणायचं, अहो! दुःख झालं तरी म्हणायचं, अहो! आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लग्नाच्या वेळेक माका पण आश्चर्य वाटला होता. मगे सवय झाली." आणि दुःखाचं काय, असं मी विचारलं, तर तिने सूपच माझ्याकडे सरकवलं.

मराठीत मात्र 'अहो' मानाचं. 'अरे' बरोबरीच्याला, 'अगं' बरोबरीच्या बाईला, 'अहो' वडीलधाऱ्याला. शाळेत शिकवतात तसं. पण मान कसला, ते आमच्या मजल्यावर येऊन ऐकायला हवं होतं. "अहो, अक्कल गहाण ठेवली काय?" "अहो, तोंड बंद ठेवा जरा." अहो म्हटलं की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते. मी नवऱ्याला नावाने हाक मारते आणि मग बोलताना दहा वेळा विचार करते. आईने उभ्या जन्मात विचार केलेला नाही.

रस्त्यावर तर 'अहो'चं 'ओ' झालंय. मुंबईला 'अ' म्हणण्याइतका वेळ नाही. ओ शेठ, ओ मॅडम, ओ दादा, गाडी काढा. दादरच्या मंडईत एक भाजीवाला मला कित्येक वर्षं "ओ ताई" म्हणून बोलवायचा. एका सकाळी त्याने सहज "ओ मावशी" म्हटलं. त्या दिवसापासून मी पलीकडच्याकडून मेथी घेते. पलीकडचाही आता मावशी म्हणतो, पण त्याने आधी ताई म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे राग नाही.

कॉलेजात असताना मी आईशी यावरून भांडायचे. तो काय देव आहे का? तुला नाव घेता येत नाही म्हणजे काय? ती म्हणायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी विचारायचे, मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात घेतेस ते? त्याचं तिच्याकडे उत्तर तयार होतं. उखाण्यात नाव गुंडाळलेलं असतं, ते लागत नाही. उघडं नाव लागतं. मी हसायचे. विजेच्या वायरीसारखं सांगायची ती अगदी, गुंडाळलेली आणि उघडी.

तिचा उखाणा एकच होता. दरवर्षी तोच. बाकीच्या बायका नवेनवे जुळवून आणायच्या, ही मात्र आपली लालबागच्या मसाल्याच्या मिरची गल्लीतून बाहेरच पडायची नाही:

"लालबागच्या बाजारात मसाल्याचा वास,
अमुकरावांचं नाव घेते तुमच्यासाठी खास."

'अमुक'च्या जागी काय होतं ते मी सांगणार नाही, हे आधीच ठरलंय.

माझं लग्न झालं तेव्हा मी पहिल्या दिवसापासून नवऱ्याला नावाने हाक मारली. क्रांती वगैरे करून झाली. परिणाम असा की मी नावाने हाक मारते आणि त्याला ऐकू येत नाही. कानात काहीतरी घातलेलं असतं, किंवा नसतं. दादरच्या दोन खोल्यांत मी त्याचं नाव इतक्यांदा घेते की आईचा हिशोब खरा असता तर मी केव्हाच विधवा झाले असते. आमच्या ऑफिसातल्या नवीन मुलींचं आणखी वेगळं. त्या घरी नवऱ्याला "ए" म्हणतात, आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना लिहितात, 'अहोंसोबत कॉफी'. मी एकीला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "मॅम, क्यूट वाटतं ना." आईला हे सांगितलं तर तिने क्यूट म्हणजे काय ते विचारलं.

मग चाळ पाडली. टॉवर झाला. आई-बाबा पार वरच्या मजल्यावर, कबुतरांच्या शेजाराला राहायला गेले. नव्या घरात आईने पहिल्या संध्याकाळी बाल्कनीतून खाली हाक मारली. तिचा तो गॅलरीतला आवाज, अहोऽऽ! खाली बाकावर बसलेले बाबा मुंगीएवढे दिसत होते, आणि मुंगी हलली नाही. आईने दोन-तीनदा मारली, मग आत येऊन पंखा लावून बसली. मला तिची इतकी कीव आली की मी लगेच इंटरकॉम कसा वापरायचा ते शिकवलं.

इंटरकॉमवर वॉचमन विचारायचा, "किसको भेजना है?" आई म्हणायची, "ह्यांना." तो विचारायचा, "किनको?" ती म्हणायची, "आमच्या ह्यांना." एकदा त्याने बी विंगमधल्या एका गृहस्थांना वर पाठवलं. ते मुकाट्याने आलेही. दारात उभे राहून त्यांनी आईकडे पाहिलं, आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही की कुणाला काय म्हणायचं. शेवटी आईने चहा दिला.

त्यानंतर आईने इंटरकॉम सोडला आणि स्वतः लिफ्टने खाली जाऊ लागली. लिफ्टचं दार उघडलं की बाहेर पाऊल टाकायच्या आधी ती आतूनच हाक मारायची. बाबा म्हणायचे, "येतंय गो!" आणि बसून राहायचे. तेवढं पूर्वीसारखं होतं.

बाबा विसरायला लागले ते हळूहळू. चष्मा विसरायचे, जेवलो का ते विसरायचे. परळला एका डॉक्टरांकडे नेलं. तरुण, हसरे, घाईतले डॉक्टर. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?" बाबांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागले तर डॉक्टरांनी मला थांबवलं, त्यांनाच सांगू द्या. बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी आईकडे बोट दाखवलं. "या कोण?"

"घरातली," बाबा म्हणाले.

"त्यांचं नाव?"

बाबा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ह्यो कित्याक विचारता?" डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला संताप आला. मी म्हटलं, डॉक्टर, यांची आठवण शाबूत होती तेव्हाही यांनी हे नाव कधी घेतलं नाही. परक्या पुरुषाने बायकोचं नाव विचारलं तर ते सांगायचेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही स्टँडर्ड टेस्ट आहे. असेल. आमचे बाबा स्टँडर्ड नव्हते, त्याला मी काय करू?

बाहेरच्या बाकावर मी बाबांना विचारलं, "बाबा, खरंच नाही आठवत तुमचं नाव?"

त्यांनी विचार केला. "आठवता गो," म्हणाले. "पण आता त्या नावान हाक कोण मारता?"

मी मनातल्या मनात शोधायला गेले. त्यांची आई त्यांना नावाने हाक मारायची, ती गेली. मोठे भाऊ गेले. गिरणीतल्या खात्यात बरोबर काम करणारे एकेक करून गेले. पत्ते पिसणारे काकाही गेले. उरलेल्यांत मी बाबा म्हणते, जावई बाबा म्हणतो, वॉचमन अंकल म्हणतो आणि आई अहो म्हणते. नाव वापरात नसलं की त्याला गंज चढणारच. मला तिथे त्या बाकावर रडू आलं आणि बाबा मला विचारायला लागले की माझं कुठे दुखतंय.

पुढच्या काही महिन्यांत गंजाने काम पुरं केलं. आता प्रश्न एकच उरला होता, बाबा हरवले तर? मी त्यांच्या नावाचं, पत्त्याचं, माझ्या फोन नंबराचं कार्ड करून आणलं. प्लास्टिकमध्ये बसवलेलं, गळ्यात घालायला पिवळी फीत. आईने ते उलटसुलट करून पाहिलं. "गळ्यात पाटी?" ती म्हणाली. "ते काय हापिसात चलले?" मी म्हटलं, मीसुद्धा रोज घालते. "तू घाल," ती म्हणाली, आणि कार्ड कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. मी चिडले. म्हटलं, मग त्यांना खाली सोडू नकोस. दाराला आतून कुलूप लाव. आई म्हणाली, "हाक मारली काय येतत. मगे हरवतले कशे?"

यावर आमची जुंपली ती गणपतीपर्यंत.

गणपतीत मी आणि नवरा लालबागला गेलो. आल्या आल्या मला एक दुर्बुद्धी सुचली. बाबा खिडकीशी बसले होते, पाठमोरे. मी मागून, अगदी डॉक्टरांसारखी, त्यांच्या नावाने हाक मारली. ते वळले नाहीत. आणखी एकदा मारली. खिडकीबाहेरच्या कबुतराने मान वळवली, बाबांनी नाही. स्वयंपाकघरातून आई उलथणं घेऊन बाहेर आली. "बापाक नावान हाक मारतंस? लाज नाय?" मी म्हटलं, आई, त्यांना ते त्यांचं नाव आहे हेच माहीत नाही गं. उलथण्यावरून तेल फरशीवर ठिबकलं, ती ते पुसायला वाकली आणि बराच वेळ पुसत राहिली.

संध्याकाळी आम्ही चौघं आमच्या गल्लीतल्या मंडपात गेलो. बाबा तिथले जुने कार्यकर्ते. तरुणपणी दोरी धरून रांग सांभाळायचे. त्यांना वर्षातून एकदा तिथे न्यायचंच, यावर आई ठाम होती. मीही म्हटलं, चौघं आहोत, काय होणार आहे? मंडपाच्या तोंडाशी आईच्या चपलेचा अंगठा तुटला. ती वाकली, मी तिला आधार द्यायला वाकले, नवरा चप्पल बघायला वाकला. तिघं सरळ झालो तेव्हा बाबा नव्हते.

पहिली काही मिनिटं आपण घाबरलो नाही असं दाखवण्यात जातात. मग मी गर्दीत घुसले. गर्दी एका बाजूने येत होती आणि दुसऱ्या बाजूने जात होती, आणि त्यात प्रत्येक म्हाताऱ्याची पाठ बाबांसारखी होती. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून मी माफी मागत सुटले. समोर मोठा रस्ता, पलीकडे पुलाखालून गाड्या. आणि माणसाला विचारलं तू कोण, तर त्याला सांगता येणार नाही. ते कार्ड घरी खिळ्याला लटकतंय हे आठवलं आणि मला आईचा इतका राग आला की मी तिच्याकडे पाहूच शकले नाही.

मंडपाच्या कडेला कापडी भिंत लावून एक छोटा स्टेज केला होता. तिथे माईकवर एक कार्यकर्ता हरवलेल्यांची नावं पुकारत होता. चांगला मुलगा होता, घसा पार गेलेला. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो आणि माझ्या नवऱ्याने नाव सांगितलं, वय सांगितलं, पांढरा शर्ट सांगितला. मुलाने पुकारलं. बाबांचं ते नाव, आडनावासकट, खांबाखांबावरच्या भोंग्यांतून सगळ्या लालबागभर गेलं. जिथे असाल तिथून स्टेजजवळ या, आपली माणसं वाट बघत आहेत. तो पुन्हा पुकारत होता, मध्ये एका हरवलेल्या मुलीचं पुकारत होता, मग पुन्हा बाबांचं. मुलगी सापडली. बाबांचं नाव नुसतंच घुमत राहिलं. मी त्या मुलाला कसं सांगू की तू ज्याला बोलावतोयस त्यानेच ते नाव ओळखणं सोडलंय?

सांगितलं शेवटी. मग त्याने माईक आईपुढे धरला. "आजी, तुम्ही मारा हाक. तुमचा आवाज ओळखतील. नावाने मारा, स्पष्ट, म्हणजे बाकी पब्लिकलापण समजेल."

आईने पदर डोक्यावर घेतला. माईक दोन्ही हातांत धरला. तिचे ओठ हलले आणि थांबले. मी बाजूला उभी राहून हळूच म्हटलं, आई, घे नाव. इतकी वर्षं न घेऊन त्यांचं जेवढं आयुष्य राखलंस, त्यातलं थोडं जाऊ दे आता. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती, आणि ती नुसती बाबा हरवले म्हणून नव्हती. माणूस असा गर्दीत, कुठे आहे ठाऊक नाही, आणि अशा वेळी आपल्याच तोंडून उघडं नाव जायचं. तिच्या लेखी हे भलतंच होतं. मग तिने डोळे मिटले, आणि भोंग्यांतून आवाज आला:

"लालबागच्या बाजारात मसाल्याचा वास…"

दुसरी ओळ झाली आणि रांगेत हशा पिकला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मागून एक मुलगा ओरडला, "आजी, अजून एक!" माझा चेहरा लाल झाला. शरमेने झाला, रागाने झाला, आणि ती बिचारी जे करू शकत होती ते तिने केलं म्हणूनही झाला. नवरा दोन्ही बाजूंना माना लांब करून बघत होता. बाबा आले नाहीत.

कार्यकर्त्याने माईक परत घ्यायला हात पुढे केला. आईने दिला नाही. टाळ्या ऐकून ती भडकली होती. तिने पदर डोक्यावरून खाली ओढून कमरेला खोचला, कठड्याशी उभी राहायची तशी उभी राहिली आणि ओरडली:

"अहोऽऽ! खय गेलात?"

भोंग्यांनी शिट्टी घातली. मी आजवर पाहिलेली सगळ्यात अजब गोष्ट त्या क्षणी घडली. रांगेतले, स्टॉलवरचे, पोरांना खांद्यावर घेतलेले, पन्नाशीच्या पुढचे झाडून सगळे पुरुष वळले. बंदोबस्ताचा हवालदार वळला. एका गृहस्थांनी हातातली भेळ बायकोच्या हातात दिली. आणि माझा नवरा, ज्याला मी जन्मात एकदाही अहो म्हटलेलं नाही, तो माझ्या शेजारी दचकून म्हणाला, "हो, आलो!"

आणि स्टेजच्या मागे, कापडी भिंतीच्या अगदी पलीकडून आवाज आला, "येतंय गो! बोंबलतस कित्याक?"

कापड बाजूला झालं आणि बाबा आले. हातात चहाचा कागदी कप. गळ्यात भगवं उपरणं, त्यावर लाल फितीचं मोठं कार्ड, 'ज्येष्ठ कार्यकर्ता'. मागे मंडळाची पोरं खुर्च्या टाकून चहा घेत होती. त्यांनी सांगितलं, आजोबा आपणहून आले आणि दोरी कुठे आहे म्हणून विचारायला लागले. पोरांना वाटलं, जुन्या कमिटीचे कुणीतरी, मान करायला हवा. म्हणून उपरणं घातलं, कार्ड घातलं, खुर्ची दिली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पांढरा शर्ट उपरण्याखाली झाकला होता. मी पिवळ्या फितीसाठी महिनाभर भांडले, आणि हे लाल फीत घालून मिरवत होते.

मला रडायचं की ओरडायचं ते कळेना. मी बाबांचा दंड घट्ट धरला. आईने फक्त त्यांच्या हातातला कप घेतला, कारण तो तिरका झाला होता आणि चहा सांडत होता. कार्यकर्त्या मुलाने माईक उचलून बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला.

बाबा त्या मुलाकडे बघून काळजीने म्हणाले, "कोण तरी म्हातारो हरवलो हा. मगाधरून पुकारतत. एका बाईन तर नाव पण घेतल्यान." मग मान डोलावून म्हणाले, "बेस घेतल्यान."

मला पहिल्यांदाच सगळं नीट समजलं. ते इथेच, या कापडाच्या मागे, स्वतःच्या नावाची प्रत्येक हाक ऐकत बसले होते, आणि कुठल्यातरी परक्या म्हाताऱ्यासाठी त्यांचा जीव हळहळत होता. आईचा आवाज माईकवर होता, तरी उखाण्यातली बाई त्यांना परकीच वाटली. तिच्या आवाजात ते नाव त्यांनी ऐकलं होतंच कधी? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष गॅलरीत नसायचे.

"गावलो काय तो?" बाबांनी आईला विचारलं.

"गावलो," आई म्हणाली.

"बरा झाला. त्याची बायल भियाली आसतली."

"भियाली होती," आई म्हणाली.

तिने उरलेला चहा एका घोटात स्वतः पिऊन टाकला, कप नवऱ्याच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हातात दिला, आणि तुटकी चप्पल हातात घेऊन अनवाणीच स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली. बाबा माझ्या हातातून दंड सोडवून घेत तिच्या मागे निघाले. खालच्या पायरीवर ती थांबली. मागे न बघताच म्हणाली, "अहो, बघून पाय टाका. वायर आसा."

"होय गो," बाबा म्हणाले, आणि वायर ओलांडून आले.